तुम्ही विचारलंत म्हणून : पाटा उघडून तर बघा

"ताई, लिफ्ट किट न लावता गाडीचा फ्लेक्स वाढतो का हो?"

पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणाऱ्याने नवी गाडी घेतलेली असते, गाडी उंच करणाऱ्या त्या किटची किंमत ऐकून तो हबकलेला असतो आणि माझी जुनी मारुती जिप्सी आहे त्याच उंचीवर दगडधोंड्यांतून निघते हे त्याने कुठेतरी पाहिलेलं असतं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकते.

वाढतो. पण खरं म्हणजे तो वाढवायचा नसतो, अडकलेला असतो तो सोडवायचा असतो.

पुढचं डावं चाक दगडावर चढलं आणि मागचं डावं खड्ड्यात उतरलं, तरी चारही चाकं जमिनीला टेकून राहिली, तर त्या गाडीला फ्लेक्स आहे. उंचीचा त्याच्याशी थेट संबंध नाही. उंच केलेली गाडी एक पाय वर करून उभी राहिलेली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. जिप्सीचे डिफरेन्शियल (एक्सलवरच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारे गिअर) साधे, लॉक नसलेले. एक चाक हवेत गेलं की ते गरागरा फिरतं आणि त्याच एक्सलवरचं दुसरं चाक ढिम्म हलत नाही, कारण दोन्ही चाकांना सारखीच ताकद मिळते आणि हवेतल्या चाकाला फिरायला ताकद लागतेच किती! म्हणून चाक जमिनीवर राहणं महत्त्वाचं.

जिप्सीला पुढे-मागे अख्खे एक्सल आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. लष्करात ही गाडी पाचशे किलो भाराच्या वर्गात होती, आणि पाट्यांचा ताठरपणा बघितला की ते पटतं. गाडीत मी, एक मैत्रीण आणि डब्याची पिशवी असली तर त्या पाट्यांना काही जाणवतच नाही. म्हणून मी घेतली तेव्हा माझी जिप्सी बैलगाडीसारखी चालायची.

मी तडक हायवेच्या कडेच्या पाटेवाल्याकडे गेले. ट्रकचे पाटे करण्यात त्यांचा जन्म गेलेला. म्हटलं, "चाचा, मागचे दोन-दोन पाटे काढून टाका." चाचांनी गाडीखाली डोकं घालून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, काढताय कशाला? आधी उघडून तर बघा की."

मी ऐकलं नाही, पाटे काढायलाच लावले. पुढच्या रविवारी आंबोलीच्या बाजूला एका चढावर क्लच सोडला आणि मागची चाकं टणाटण उडायला लागली. जोर आला की एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, त्याला आवरायचं काम पाटेच करतात. ते कमी पडले की वाकतात, मग झटक्याने सरळ होतात, आणि तो झटका थेट एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर जातो. शिवाय मागची बाजू बसली ती वेगळीच. टायर आतून पत्र्याला घासल्याचा काळा पट्टा अजून आहे.

सोमवारी खालमानेने चाचांकडे परत. या वेळी त्यांनी पूर्ण सेट उतरवला, सेंटर बोल्ट काढला आणि पाटे ओळीने मांडले. मला एकदम उलगडा झाला. दोन पाट्यांच्या मधे गंजाचे पापुद्रे, त्यात कोकणातली लाल माती. पाटे एकमेकांवर सरकतात तेव्हाच सेट वाकतो. माझे एकमेकांना चिकटून एकच जाड लोखंडी पट्टी झाले होते. शिवाय प्रत्येक पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतून खाच पडलेली. टोक त्या खाचेत अडकलं की सरकणं संपलंच.

मग दिवसभर काम चाललं. तारेच्या ब्रशने गंज काढला, टोकांच्या कडा ग्राइंडरवर गोल केल्या, खाचा घासून सपाट केल्या आणि पाट्यांच्या मधे कोरडी ग्राफाइटची भुकटी लावली. ग्रीस थापू नका. पहिल्या दिवशी मऊ वाटतं, पण त्याला धूळ चिकटली की त्याचा पॉलिश पेपर होतो. सेट बांधणाऱ्या क्लिपा कुणीतरी हातोड्याने ठोकून आवळल्या होत्या. त्या थोड्या सैल केल्या, पण काढल्या नाहीत. काही मुलं त्या काढून टाकतात. मग चाक लोंबलं की सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो आणि तो तुटतो. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घातले. ते एकदा ताणले गेले की पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. आणि नवे घातले तरी काहीशे किलोमीटरनंतर परत आवळावे लागतात. दोन्ही बाजूंना, काढलेल्या दोनपैकी एक पाटा परत आत गेला, एक बाहेरच राहिला. माझ्या वापराला तेवढं पुरतं, पण मागे सहा माणसं आणि सामान भरणाऱ्याने तोही काढू नये.

आता शॅकलकडे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीकडे. इथली चूक इतकी सर्रास होते की मला चीड येते. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना मेकॅनिक बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट करकचून आवळतो. रबर त्या लोंबत्या अवस्थेत धरलं जातं, आणि गाडी खाली ठेवली की उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं. त्यामुळे चाक हलायला विरोध होतो आणि बुशही लवकर फाटतं. बोल्ट नुसते लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग आवळा. यासाठी एक पैसा लागत नाही.

लांब शॅकलचं म्हणाल तर तीसुद्धा लिफ्टच, मागच्या दाराने आलेली. शॅकल दोन इंच वाढली की गाडी साधारण एक इंच वर जाते, पुढच्या एक्सलचा कोन बदलतो आणि हायवेवर स्टिअरिंग भिरभिरायला लागतं.

एवढं करून फरक किती पडला? शिरोलीला एका ओळखीच्यांच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट आहे. तिच्यावर पुढचं एक चाक हळूहळू उचलायचं आणि दुसरं कुठलंही चाक जमीन सोडायच्या बेताला आलं की थांबून उंची मोजायची. आधी चाळीस सेंटिमीटर भरली होती, कामानंतर अठ्ठेचाळीस. परदेशातले लोक २० अंशांच्या उतरंडीवर मोजतात: गाडी उतरंडीवर जितकी चढली ते अंतर भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर), गुणिले हजार. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. त्या हिशोबात मी सुमारे ४९० वरून ५९० वर आले. आकडा मिरवायला बरा, पण खरा उपयोग असा की आपण केलेल्या कामाने काही झालं की नुसतं समाधान, ते कळतं.

फोर्कलिफ्टवर गाडी असतानाच आणखी एक गोष्ट बघून घ्या. लोंबणाऱ्या चाकाच्या शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. चाक अजून खाली गेलं, तर तुम्हाला पाट्याने नाही, शॉकअपने अडवलंय. लगेच लांब शॉकअप घ्यायला धावू नका. तो मिटल्यावर किती लांब राहतो ते पाहा. बंपस्टॉपच्या (एक्सलला वर थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी तोच टेकला तर फुटेल. आणि ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी पाहा. माझा तर तारेसारखा ताणलेला दिसला, म्हणून मी मूळ मापाचेच शॉकअप ठेवले. दोन इंचांसाठी ब्रेक पणाला लावायचे नाहीत.

टायरमधली हवा हा सगळ्यात स्वस्त फ्लेक्स. कच्च्या वाटेवर मी १८ पीएसआयवर येते. टायर दगडाला कवेत घेतो आणि सस्पेन्शनचं निम्मं काम वाचवतो. पंधराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, आडव्या उतारावर टायर रिममधून निसटतो. आणि डांबर लागायच्या आत हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ हवाच.

मारुतीच्याच नव्या जिम्नीवाले म्हणतील, आमच्याकडे पाटेच नाहीत. बरोबर, तुमच्याकडे कॉइल आहेत. तुमच्या पुढच्या एक्सलवर अँटिरोल बार आहे. त्याचं कामच दोन्ही चाकांना वेगवेगळं हलू न देणं. कच्च्या रस्त्यावर त्याच्या लिंक सोडा, बार नीट वर बांधा म्हणजे होजला लागणार नाही, आणि घरी निघताना परत जोडा. न जोडता घाट उतरू नका. दुसरं, कुणी पिवळे-लाल पॉलियुरेथेनचे बुश विकायला आला तर नको म्हणा. जिम्नीच्या एक्सलला धरणारे दांडे (आर्म) त्यांचे बुश पिळले गेले तरच हलतात. बुश कडक झाले की फ्लेक्स उलट कमी होतो. तसं तुमच्या गाडीत हवेत फिरणाऱ्या चाकाला संगणक आपणहून ब्रेक लावतो, त्यामुळे चाक उचललं तरी माझ्याइतकं तुमचं अडत नाही.

मी लिफ्ट का करत नाही, हेही विचारता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. शिवाय मला चढताना-उतरताना गुडघे दुखतात. एक विनंती मात्र आहे. फ्लेक्स कितीही आला तरी मसाई पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) गाडी घालू नका. त्या दगडावर बोटभर माती असते आणि पावसाळ्यातली फुलं त्यातूनच येतात. खाणीतल्या वाटा, ओढ्यांच्या जुन्या गाडीवाटा भरपूर आहेत.

बाहेर राहिलेल्या पाट्यांपैकी एक चाचांनी माझ्या हातात दिला. "पोलाद चांगलंय, टाकू नका," म्हणाले. गावच्या लोहाराने त्याचा एक कोयता आणि दोन खुरपी काढून दिली. खुरपी शेतावर आहेत. कोयता जिप्सीच्या मागच्या सीटखाली असतो, वाटेत आडव्या पडलेल्या फांद्या तोडायला.