स्वस्त ॲक्शन गेम: पहिल्या तासात काय बघायचं

गुरुवार, डिसेंबरअखेर

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा विंटर सेल चालू आहे आणि पाचशे रुपयांच्या आतले ॲक्शन गेम पुन्हा समोर आलेत. विशलिस्ट चाळताना एक मत पक्कं होत चाललंय: यांना 'तासाला किती रुपये पडले' हा हिशोब लावू नये. हॉटलाइन मायामी (२०१२) थोड्याच तासांत संपतो. मॅड मॅक्स (२०१५) कितीतरी जास्त पुरतो, पण त्यातला बराच वेळ नकाशावरची तीच ती कामं उरकण्यात जातो. ॲक्शन गेममध्ये आधी मारामारी हाताला कशी जाणवते ते बघायचं.

ते बघायची सोयही आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळणं झालं असेल, तर स्टीम पैसे परत देतं. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत. गेम उघडा ठेवून जेवायला उठलात तर तो वेळ मात्र धरला जातो, शेडर (पडद्यावरचे रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यात गेलेली मिनिटंसुद्धा. बाहेरच्या साइटवरून घेतलेल्या कीला, म्हणजे स्टीमवर टाकून गेम मिळवायच्या कोडला, हा परतावा नाही. शंभर रुपये वाचवायला ती वाट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेम उघडला की आधी सेटिंग. माउस ॲक्सिलरेशन (हात जोरात हलला की कर्सर जास्त पळणं), मोशन ब्लर (हालचालीत चित्र पुसट होणं) आणि व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी जुळवणं) बंद. फ्रेमची, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, मर्यादा सेकंदाला ६० (६० एफपीएस). आकडा ६० दिसतोय आणि तरी खेळ अडखळतोय, तर फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीयेत. ६० एफपीएसला दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम हवी. मधेच एखादीला ५० मिलिसेकंद लागले की झटका जाणवतो. नवा इफेक्ट पहिल्यांदा दिसताना अडकलं आणि नंतर थांबलं, तर बहुधा शेडरचं काम. सतत अडकत असेल तर हार्ड डिस्क आणि रॅमवर संशय घ्यावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच रॅम असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर तशीच दुसरी बसवून ड्युअल चॅनल करावं, म्हणजे दोन्ही रॅम एकाच वेळी वापरल्या जातात. फरक डोळ्यांना दिसतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारायला जाताना जुनी रॅम काढून सोबत न्यावी, म्हणजे डीडीआर४ की डीडीआर५ (रॅमचे दोन प्रकार) हा घोळ होत नाही.

मग खरी परीक्षा. तीन-चार शत्रू अंगावर घ्यायचे आणि वार चालू असताना डॉज (चटकन बाजूला होण्याचं बटण) दाबायचा. आपला हिरो वार मोडून बाजूला झाला तरी चालेल, वार पुरा करून झाला तरी चालेल. कधी असं, कधी तसं झालं तर गेम परत करावा, कारण हाताला सवयच लागणार नाही. पाय टेकायच्या किंचित आधी उडी दाबून बघा. चांगला गेम ती लक्षात ठेवतो आणि टेकताच उडी मारतो. वार बसला की चित्र दोन-चार फ्रेम थबकतं का, तेही बघा. ते नसेल तर तलवार हवेत फिरवल्यासारखी वाटते.

शत्रूच्या हल्ल्याची खूण पुरेशी लांब हवी. खूण दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्याहून छोटी असेल तर हल्ले पाठच करावे लागतात. स्लीपिंग डॉग्जमध्ये हल्ला करणारा गुंड लाल उजळतो, त्यामुळे पाच जणांच्या घोळक्यातही नेमकं कुणाला अडवायचं ते कळतं. सेलमध्ये त्याची किंमत बऱ्यापैकी उतरते. जरूर घ्यावा.

मेल्यावर परत उभं राहायला किती वेळ लागतो, तोही मोजा. कताना झीरो (२०१९) एकाच घावात मारतो, पण क्षणात पुन्हा सुरू होतो, म्हणून राग येत नाही. तीच कठोरता वीस सेकंदांच्या लोडिंगसोबत आली तर असह्य होते.

शेवटचं सेव्हचं. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारीच जाते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर फक्त लेव्हल संपल्यावर सेव्ह होणारा गेम त्या दिवशी लावू नये.