उताऱ्यावरचं नाव

"ह्यांची सही हवी." पंचायतीतल्या बाईंनी एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर बोट ठेवलं. बोटाखाली आजोबांचं नाव.

आजोबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली.

मागची पडवी वाढवून आईसाठी न्हाणी घरात घ्यायचीय, एवढंच. पावसात अंगणातून जाताना ती दोनदा घसरली. गोव्याच्या १९९४च्या पंचायत राज कायद्याचं कलम ६६ वाढीव बांधकामालाही लेखी परवानगी मागतं. ते मला पटतंही. पण नावं बदलायची तर आधी वारसांचे कागद, मग सगळ्या काका-आत्यांची संमती. एक आत्या तर लिस्बनला.

निघताना बाई हळूच म्हणाल्या, "आमच्याही घराचं असंच अडलंय हो."

मृग जवळ आलाय. तुमच्या उताऱ्यावर अजून कोणाचं नाव आहे?