रब्बी ज्वारीचं मॉडेल, नोंद ५ : मातीची खोली शून्यावर कशी?

पाण्याचा रोजचा ताळेबंद मांडणारं मॉडेल आता नीट चालतंय. कोरडवाहू मालदांडी, १२० दिवस, आणि शेवटी एकच आकडा : पिकाला ताण बसलेले दिवस. पॅरामीटर, म्हणजे मॉडेलला आपण द्यायचे आकडे, आठ. त्यातल्या कोणाचा जोर किती, हे या आठवड्यात तपासलं.

सुरुवात मॉरिसच्या पद्धतीने (१९९१). एका वेळी एकच पॅरामीटर हलवायचा, उत्तर किती सरकतं ते बघायचं, आणि हेच वेगवेगळ्या ठिकाणांहून पुन्हा करायचं. असे २० मार्ग, प्रत्येकात ९ रन (म्हणजे मॉडेल नऊदा चालवलं), एकूण १८०.

मातीच्या खोलीचा परिणाम आला ०.००. अगदी नेमका शून्य!

सोलापूर जिल्ह्यात हे कोणाला पटेल? मोहोळकडचे माझे मामा नेहमी म्हणतात, "हस्ताचा पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. पण माळावरची ज्वारी पौषात माना टाकती, अन् खालच्या रानातली हुरड्याला येती."

कोड ओळीओळीने वाचला. मातीची खोली फाइलमधून वाचली जात होती, पण पुढे कुठेच वापरली नव्हती. मुळं थेट दीड मीटरपर्यंत, मुरूम फोडून पाणी पीत होती! आता मुळांची आणि मातीची, दोन्हींतली जी खोली कमी, तीच धरतो. ही चूक नुसते आलेख बघून मला कधीच सापडली नसती.

मग सोबोलची पद्धत : सगळे पॅरामीटर एकदम हलवायचे, आणि उत्तरातल्या चढउतारात कोणाचा वाटा किती ते काढायचं. १०२४ गुणिले १८, म्हणजे १८,४३२ रन. रात्रभर लावून ठेवले. मातीच्या खोलीचा एकट्याचा वाटा ०.४४, इतरांशी मिळून ०.६१. मधला फरक बहुतेक पेरणीच्या वेळच्या ओलीशी जोडलेला : रान खोल आहे, पण खाली ओलच नाही, तर खोली काय कामाची? ज्या पीक गुणांकावर (पिकाला पाणी किती लागतं ते ठरवणारा आकडा) मी महिनाभर घासलं, त्याचा वाटा ०.०५.

पण ही खोली मी ३० ते १२० सेंमी धरली होती, अख्ख्या जिल्ह्यासाठी. रविवारी मामांच्या रानात पहार घेऊन ११ ठिकाणी ठोकून बघितलं. काळ्या मातीत पहार मऊ जाते, मग एकदम खण्ण होऊन हाताला झिणझिण्या येतात, आणि टोकाला पिवळट मुरूम चिकटून येतो. सगळीकडे ५५ ते ७० सेंमी. हीच मर्यादा दिली तर खोलीचा एकूण वाटा ०.१२ वर उतरला आणि पेरणीवेळची ओल ०.५८ वर गेली. त्यामुळे कोणी निकाल टाकताना पॅरामीटरच्या मर्यादाही टाकाव्यात. त्यांच्याशिवाय मला तरी आकडा वाचता येत नाही.

आता ओल मोजायची. पेरणीच्या आदल्या दिवशी तीन थरांतली माती काढून वजन करणार. १०५ अंशाला २४ तास वाळवायला भरवशाचा ओव्हन सोलापुरात कोणाकडे असेल तर नक्की कळवा, डबे मी घेऊन येईन.