पाच किलोवॅटचं बेट
आईला फोनवर सांगितलं, "उद्या एगला चाललोय." तिला अंडंच ऐकू आलं. शेजारी रम आणि मक नावाचीही बेटं आहेत म्हटल्यावर तिने विषयच बदलला.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅलेगहून बोट निघाली आणि सव्वा तासाने एग आलं. पाहुण्यांना गाडी न्यायची परवानगी नाही, त्यामुळे पाठीवर सॅक आणि पायात बूट. धक्क्याजवळच दुकान आणि चहाची जागा. बेट जेमतेम नऊ किलोमीटर लांब, वस्ती शंभराच्या थोडी वर. मी दुकानात शिरलो तेव्हा मी कुणाकडे उतरणार हे तिथल्या बाईंना आधीच ठाऊक होतं.

हे बेट इथे राहणाऱ्या माणसांच्याच मालकीचं आहे. पूर्वी इथे लेअर्ड असायचा, म्हणजे जमीनदार. तो बेट विकत घ्यायचा, कंटाळला की दुसऱ्याला विकायचा, आणि भाडेकरूंना उद्या घर राहील की नाही याची शाश्वती नसायची. खोतांच्या गोष्टी ऐकत कोकणात वाढलेल्या मला हे फार समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी रहिवाशांनी ट्रस्ट काढला, जगभरातून पैसे गोळा केले आणि १२ जून १९९७ रोजी १५ लाख पौंडांना बेट घेतलं. त्यातली सर्वांत मोठी रक्कम एकाच देणगीदाराची, आणि त्याने नाव जाहीर केलं नाही.

मला मात्र खरी गंमत वाटली ती विजेची. मुख्य भूमीची वीज इथे कधी आलीच नाही. घरोघरी डिझेलचे जनरेटर धडधडायचे. २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर चालणारी बेटाची स्वतःची वीज आहे. घराला एका वेळी पाच किलोवॅट, धंद्याला दहा. श्रीमंत असो की गरीब, मर्यादा तीच. त्यापुढे गेलात की वीज खटकन बंद.

दुसऱ्या दिवशी 'अन स्गुर' नावाचा ३९३ मीटरचा काळा कडा चढायचा होता. धुक्यात तो दिसलाच नाही. मग उत्तरेकडच्या गाणाऱ्या वाळूकडे वळलो. क्वार्ट्झची ती पांढरी वाळू टाच घासली की चुंई चुंई करते म्हणतात, पण कोरडी असेल तरच. माझी चिंब होती. अर्धा तास वेड्यासारखा टाचा घासत बसलो. वाळू गप्प, मोजे ओलेकच्च.

घरी येऊन मोजे ड्रायरमध्ये टाकले आणि बटण दाबणार तोच स्वयंपाकघरातून मालकीणबाई ओरडल्या, "थांबा हो! ओव्हन चालू आहे, त्यात आत्ताच किटली लावलीय!"

मोजे लाकडाच्या शेगडीवरच्या दोरीवर गेले. सकाळी बोटीत चढलो तेव्हाही डावा थोडा दमटच होता.