चादरीचा ग्राफ फ्रीबीएसडीवर: 'मायनर'ची गाठ सुटली

आमच्या सोलापुरी चादरीच्या जकार्ड ग्राफचा (नक्षी चौकोनाचौकोनाने काढलेल्या कागदाचा) फोटो दिला की त्यातला चौकोन न् चौकोन टर्मिनलवर रंगात दाखवायचा, हा माझा सी भाषेतला प्रोग्रॅम लिनक्सवर छान चालतोय. फोटोतले रंग सुधारायला ३ × ३ मॅट्रिक्सचा इन्व्हर्स लागतो, म्हणून 'मायनर' नावाचं फंक्शन लिहिलं होतं. मॅट्रिक्समधली एक ओळ आणि एक स्तंभ वगळून उरलेल्याचा डिटर्मिनंट, गणितात त्याचं नावच ते.

या आठवड्यात तोच कोड जुन्या लॅपटॉपवरच्या फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच युनिक्स वळणाची ऑपरेटिंग सिस्टिम) नेला आणि पहिल्याच फाइलला तिथला कंपायलर क्लँग अडला. म्हणे, मॅक्रोला (कंपाइल होण्याआधीच कोडमध्ये उलगडल्या जाणाऱ्या नावाला) जास्त आर्ग्युमेंट दिलीत. माझ्या कोडमध्ये त्या नावाचा मॅक्रो कुठेच नाही.

अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, 'सीसी -ई -डीडी' (cc -E -dD) चालवा. कुठली व्याख्या कुठल्या हेडरमधून (कोडमध्ये ओढून घेतलेल्या व्याख्यांच्या फाइलीतून) आली ते ओळीसकट दिसतं. माझ्या बाबतीत 'सिस/टाइप्स.एच' निघालं. युनिक्समध्ये प्रत्येक डिव्हाइसला मेजर आणि मायनर असे दोन नंबर असतात. लिनक्सवर 'एलएस -एल' करून /डेव्ह/नल बघा, आकाराच्या जागी '१, ३' दिसेल. ते नंबर वेगळे काढणारा 'मायनर' मॅक्रो एकच आर्ग्युमेंट घेतो, माझं फंक्शन तीन.

मग लिनक्सवर का चाललं? लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीच्या त्याच हेडरमधूनही हे मॅक्रो यायचे. २.२५ पासून त्यावर इशारा मिळू लागला आणि २०१८ च्या २.२८ मध्ये ते तिथून काढले. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या लिनक्सवरही माझा कोड अडला असता.

उपाय म्हणून आधी 'पॉझिक्स सी सोर्स' (_POSIX_C_SOURCE) २००८०९एल ठेवून पाहिलं, म्हणजे युनिक्सच्या पॉझिक्स मानकातलंच तेवढं हेडरांतून मिळतं. मॅक्रो गेला, पण 'सीएफमेकरॉ' (cfmakeraw) हे फंक्शनसुद्धा गेलं, कारण तेही पॉझिक्सबाहेरचं. कीबोर्ड कच्च्या मोडमध्ये (एंटरची वाट न बघता प्रत्येक कळ लगेच मिळेल अशा) टाकायला मला ते हवंच आहे. मग फंक्शनचं नाव कंसात घातलं. नावाच्या लगेच पुढे उघडा कंस आला तरच असा मॅक्रो उलगडतो, त्यामुळे ते चाललं. पण प्रत्येक ठिकाणी कंस लक्षात ठेवणं मला पटलं नाही.

खरी चूक माझ्या 'चादर.एच'मध्ये होती. सोयीसाठी सगळी सिस्टिम हेडरं मी त्यातच कोंबली होती. नुसता गुणाकार-भागाकार करणाऱ्या फाइलला डिव्हाइस नंबरांशी काय देणंघेणं? आता सिस्टिम हेडरं फक्त टर्मिनल सांभाळणाऱ्या 'टर्म.सी'त आहेत, आणि फंक्शनचं नाव 'चादर_मायनर' केलंय.

काल रात्री दोन्हीकडे एकही वॉर्निंग न येता बिल्ड झालं. शेजारच्या काकांनी यंत्रमागासाठी स्वतः हाताने काढलेला मोराचा ग्राफ फ्रीबीएसडीवर उघडला. मोर ओळखू येतो, पण पिसाऱ्यातला निळा काळपट पडतोय. आता तिथून पुढे.