उजव्याने थांबायचं

ऋतूने काढलेला व्हिडिओ संध्याकाळपासून पुन्हा पुन्हा बघतेय. बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाचा बार छातीवरून वर ढकलायच्या व्यायामाचा, शेवटचा सेट आहे. तिने तो मुद्दाम डोक्याच्या बाजूने काढला, सरांना बार कसा जातो ते बघायचं होतं म्हणून. छातीवरून बार उठतो तेव्हा सरळ असतो. निम्म्यावर आला की उजवी बाजू पुढे निघते आणि डावी तिथेच अडते. डावं कोपर बाहेर फाकतं, मनगट मागे मुडपतं आणि बार तराजूच्या दांडीसारखा कलतो. मग थरथरत, कसाबसा डावा हात वर पोचतो. बेंचवर पडून मला यातलं काही दिसत नाही. मला छताचा पंखा दिसत असतो, आणि बार वर गेला एवढंच कळतं.

सर जास्त काही बोलले नाहीत. "ताई, थोडे दिवस बार कमी करू, डंबेल घेऊ. प्रत्येक सेट डाव्याने सुरू करायचा. डावा जिथे थांबेल तिथे उजवाही थांबेल."

यातलं पहिलं सगळं पटलं. शेवटचं वाक्य मात्र स्कूटरवर, भाजी घेताना, कुकर लावताना डोक्यातून जाईना.

कारण समजत नाही असं नाही. बारवर दोन्ही हातांचं ओझं एकच असतं. डावा जिथे कमी पडतो तिथे उजवा न विचारता भर घालतो, आणि बार वर जातोय म्हटल्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. डंबेलमध्ये ज्याचं त्यानेच उचलायचं. डाव्याने सुरुवात करायची कारण तेव्हा दम ताजा असतो. त्याचे जितके रेप, म्हणजे जितक्या वेळा उचलणं, होतील तितकेच उजव्याचे, कारण उजव्याला मोकळं सोडलं तर तो आणखी पुढे जाणार आणि अंतर आहे तसंच राहणार. खाली आणताना सावकाश, डाव्याला तर जास्तच सावकाश. हे सगळं सरळ आहे, त्यावर माझं भांडण नाही.

पण आज दहाचं डंबेल हातात घेतलं आणि डाव्याने त्याचं काम संपवलं तेव्हा खांदा पेटला होता, बोटं उघडत नव्हती. मग उजव्याची पाळी. तो नुकता कुठे तापला आणि सर म्हणाले, बस. डंबेल खाली ठेवलं आणि घशाशी राग आला. अजून किती तरी झाले असते त्याचे. त्याच्यात होते, आणि ते तसेच आत राहिले.

काय वाईट केलंय त्याने? हे मी मनापासून विचारतेय. ज्या वर्षी डावा प्लास्टरमध्ये होता त्या वर्षी सगळं याच हाताने झालं. पाण्याच्या बादल्या, आईला उठवून बसवणं, औषधांच्या बाटल्यांची झाकणं. दादा तेव्हा कुठे होता ते आज लिहायचं नाही. ज्याच्याने होतं त्याने करायचं असं तेव्हा ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही, तसं झालं. आणि आता ज्याच्याने होतं त्यालाच म्हणायचं की तू थांब.

चाळीस किलो उचलले त्या दिवशी आईला फोन केला होता. वीसचा बार आणि दोन्हीकडे दहा-दहाची प्लेट. तिला प्लेट म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती खूप वेळ हसत होती. आता दहा. माझ्या वयात हे आकडे किती हळू चढतात ते ज्याने चढवलेत त्यालाच ठाऊक. जिमच्या वहीत आज आकडा लिहिताना पान झाकून घ्यावंसं वाटलं.

आपल्या सांगलीत राहून संकेत सरगरची आठवण न येणं अवघड आहे. २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो वजनगट. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर नेताना, ११३ किलो; क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यांवर घेऊन मग वर नेताना, १३५; एकूण २४८. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ ला त्याचं उजवं कोपर दुखावलं आणि सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूकडे गेलं, २४९ वर. एका किलोने. त्याचं रौप्य कुठे आणि माझे दहा किलो कुठे, तुलना करायला मी बसले नाही. त्याची ती ऐन वेळची दुखापत होती, माझा जुना अशक्तपणा आहे. पण त्या दिवशी टीव्हीसमोर बसून जे पोटात तुटलं ते आज पुन्हा आठवलं. पाय, पाठ, दुसरा हात, सगळं तयार होतं, आणि बार एका कोपरासाठी अडला.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. १८९४ साली येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की एका हाताला सराव दिला तर व्यायाम न केलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढते. तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय. सराव केलेल्या हाताइतकी नाही, पण वाढते. स्नायू तिकडे काही पाठवत नाहीत. बदल मेंदूत आणि मज्जासंस्थेत होतो, आणि त्याचा फायदा दोन्ही बाजूंना मिळतो. म्हणून एक हात प्लास्टरमध्ये असला की दुसऱ्याला व्यायाम देतात, बंद हाताची ताकद कमी घटावी म्हणून.

हे वाचून उठून बसले. बादल्या म्हणजे काही व्यायामाचा कार्यक्रम नव्हे, ते मला कळतं. तरी त्या वर्षी उजवा नुसता डाव्याच्या बदली राबत नसेल, त्याच्यासाठीही काही राखून ठेवत असेल, असं मनात आलं आणि खूप बरं वाटलं. कुणी सिद्ध करून दाखवलं नाही तरी मी हे धरून ठेवणार आहे.

आणखी एक. कमावलेली ताकद टिकवायला, कमवायला लागले तितके सेट लागत नाहीत. बरेच कमी पुरतात, वजन फार खाली आणलं नाही तर. म्हणजे उजवा थोडे आठवडे थांबला तर रिकामा होणार नाही. माझा अर्धा राग याच भीतीचा होता बहुतेक. उरलेला अर्धा जिममधला नाही.

सरांनी आज टेबलावर दोन्ही कोपरं सरळ करून बघितली. डावं पूर्ण उघडत नाही, किंचित अडतं. हाड जुळलं तेव्हापासून ते तसंच असणार. बारवरच्या खुणेच्या रिंगांपासून दोन्ही मुठींचं अंतर मोजलं, ते सारखं निघालं. म्हणजे धरण्यात काही गडबड नाही. कलण्यातला काही भाग ताकदीचा आहे, तो जाईल. काही कोपराचा आहे, तो राहील. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी मान डोलावून पुढच्या सेटला लागले.

शरीर तरी कुठे दोन्हीकडे सारखं असतं? उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. यकृत उजवीकडे. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड झालेलं असतं. मला दोन्ही हात तंतोतंत सारखे नकोच आहेत. डावा खांदा न दुखता बार वर जावा, आणि उजव्याला रोज दुसऱ्याचा वाटा उचलावा लागू नये, एवढंच हवंय. हे दुसरं कारण माझ्या आधी ध्यानातच आलं नव्हतं. थांबण्यात त्याचाही फायदा आहे. कमीत कमी तिथे तरी त्याला थोडा आराम.

एक गोष्ट मात्र सरांशी बोलायची आहे. आमच्याकडे डंबेल अडीच-अडीच किलोने वाढतात, आणि दहावरून साडेबारा ही डाव्यासाठी फार मोठी उडी आहे. मनगटाला बांधायची अर्ध्या किलोची पट्टी मिळते, ती आणते म्हणून सांगेन. आणि बार पूर्ण बंद नको. आठवड्यातून एकदा, प्लेटशिवाय नुसता वीसचा बार, सावकाश, डोक्याच्या बाजूला ऋतू उभी राहून सांगेल कलतोय का. दोन्ही हातांनी एकत्र उचलायची सवयही राहायला हवी. सर नाही म्हणतील असं वाटत नाही, म्हटले तर मी हट्ट धरेन.

उद्या पायांचा दिवस. स्क्वॉटमध्ये, बार खांद्यावर घेऊन उठाबशा काढताना, कंबर कुठल्या बाजूला सरकते तेही बघायचं म्हणाले आहेत.