मोहरीएवढे भगदाड

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या लढाईसाठी गेले तीन महिने मी असई गावाचे गावकूस, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीची छोटी प्रतिकृती, तयार करीत आहे. असई आपल्याच जालना जिल्ह्यातले आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याचे सैन्य यांची गाठ पडली आणि मराठ्यांच्या फळीची डावी बाजू या गावाच्या आधारानेच उभी होती. माझ्याकडचे खेळातले सैनिक २८ मिलिमीटर उंचीचे आहेत, तेव्हा भिंतीही त्याच मापाच्या हव्यात. भिंत उभी करणे सोपे असते. ती मोडलेली दाखवताना मात्र हाताची परीक्षा होते.

पहिल्या खेपेला मी या परीक्षेत सपशेल नापास झालो. फोमच्या भिंतीला चाकूने मोठमोठी गोल छिद्रे पाडली, त्यांच्या कडांना काळा रंग फासला आणि ते काम समाधानाने न्याहाळत बसलो. त्यानंतर काही कामानिमित्त आजोळी गेलो असता गावातल्या पडक्या गढीचे फोटो घेऊ लागलो. भिंतीच्या तळाशी दोन खोल कपारी दिसत होत्या आणि त्या तोफेच्या माऱ्याच्याच असणार, असे मी मोठ्या ठामपणे मामांना सांगितले. मामा हसले. ते म्हणाले, "तोफ कशाची घेऊन बसलास? वरलं पावसानं खाल्लं अन् खाललं आपल्याच लोकायनं. शेतात टाकाया गाड्या भरभरून माती नेली की." गढीची पांढरी माती खत म्हणून शेतात टाकण्याची आपल्याकडची पद्धत मला ठाऊक होती, पण समोरच्या कपारीशी तिचा संबंध जोडण्याचे सुचले नव्हते. पावसाने झिजलेली भिंत वरून गोलसर होते आणि तिच्या अंगावर उभ्या ओघळी उमटतात. कुदळीने खणलेली भिंत मात्र खालून आत जाते आणि वरचा भाग छज्जासारखा पुढे राहतो. गोळ्याची खूण या दोन्हींहून वेगळी असते.

ती किती लहान असते, हे आकडेमोड केल्यावर कळले. सहा पौंडी तोफेचा भरीव लोखंडी गोळा साधारण नऊ सेंटिमीटर व्यासाचा असतो. २८ मिलिमीटरच्या सैनिकांचे प्रमाण ढोबळमानाने १:५६ धरले, तर हा गोळा जेमतेम दीड मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा ठरतो. मी पाडलेले एक सेंटिमीटरचे छिद्र खऱ्या मापात अर्ध्या मीटरहून मोठे होत होते! शिवाय मऊ मातीची जाड भिंत दगडासारखी तडकत नाही. बहुतेक वेळा ती गोळा पोटात घेते. म्हणून आता मी दाभणाने बारीक भोक पाडतो आणि त्याच्याभोवती गिलाव्याचा चार-पाच मिलिमीटरचा पोपडा उडालेला दाखवतो. एकाच जागी मारा झाल्याशिवाय खिंडार पडत नाही आणि पडलेच, तर वरचा भाग खाली घसरून भिंतीसमोर मातीचा उतार तयार होतो. हल्ला करणारे सैनिक त्याच उतारावरून आत शिरत असत. ज्या खिंडारासमोर ढिगारा नाही, ते मला खोटे वाटते. म्हणून कापलेला तुकडा मी कधीच फेकत नाही. तो चुरून तिथेच पायथ्याशी चिकटवतो आणि वर थोडी भर घालतो, कारण सुटी माती घट्ट भिंतीपेक्षा जास्त जागा व्यापते.

साहित्याचे म्हणाल, तर थर्माकोल मोडला की आतले पांढरे मणी दिसतात, त्यामुळे तो बाद होतो आणि थर्माकोलच्याच जातीचा पण बारीक पोताचा एक्सपीएस फोम बरा पडतो. त्यावर थेट स्प्रे मारू नये. माझा एक अख्खा बुरूज त्या रंगातल्या द्रावकाने डोळ्यांदेखत विरघळला. आधी फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग एकत्र करून त्याचा हात द्यावा. गिलाव्यासाठी मी आजोळहून आणलेली पांढरी मातीच वापरतो. ती वस्त्रगाळ करतो, तव्यावर भाजतो, फेव्हिकॉलमध्ये कालवतो आणि भुश्याच्या जागी सुतळीचे दोन मिलिमीटरचे तुकडे घालतो. पोपडा उडालेल्या जागी त्या सुतळीचे टोक बाहेर आले की जीव सुखावतो. पडलेल्या माळवदाच्या तुळया पऱ्हाटीच्या बारीक काड्यांच्या करतो. त्या कात्रीने कापायच्या नाहीत, हाताने पिळून मोडायच्या, म्हणजे टोकाला खऱ्यासारख्या चिरफळ्या निघतात.

रंगाच्या बाबतीत या छंदातला एक रूढ संकेत आपल्याकडे उलटा पडतो. ताज्या तुटलेल्या कडा ड्राय ब्रशिंगने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने ओझरता रंग फिरवून, फिकट कराव्यात, असे सर्रास शिकवले जाते. पण आपला काळा दगड उन्हापावसाने बाहेरून तपकिरी आणि फिकट होतो, तर आतून निळसर काळाच असतो. म्हणून गावाच्या वेशीचे दगडी जोते रंगवताना मी तुटलेल्या कडा गडद ठेवल्या. काजळीही जपूनच वापरली. भरीव गोळा काही जाळत नाही. काजळी धरायची ती आग लागलेल्या घराच्या दार-खिडकीच्या वर, आणि तीही वर जाताना विरळ होत गेलेली.

सगळे गाव उद्ध्वस्त दाखवण्याचा मोह मात्र मी आवरला आहे. वेलस्लीच्या बऱ्याचशा तोफा मराठ्यांच्या तोफखान्याने सुरुवातीलाच निकामी केल्या होत्या, त्यामुळे गावकुसावर फार गोळे पडल्याचे दाखवणे मला पटत नाही. एक लहान खिंडार, पाच-सहा भोके आणि बाकी पावसाच्या ओघळी, एवढेच ठेवले आहे. आजोळच्या गढीवरून हौसेने उतरवलेल्या तळाच्या दोन कपारी काल रात्री परत बुजवल्या. माणसे नांदत असलेल्या गावाच्या कुसाची माती १८०३ साली कोणी शेतात नेऊन टाकली नसती.